पहिले पाच धरत नाही

कारखान्यात मला ‘पाचझटके’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माझे कान अजून शाबूत आहेत आणि मिक्सिंगच्या फोरमनचा आवाज भिंतीतून आरपार येतो. नाव मला आवडत नाही. खोटं आहे असंही मात्र म्हणता येत नाही.

मी रबर तपासतो. अठ्ठावीस वर्षं झाली. इंजिनाखाली बसणारे, पुलाखाली बसणारे, यंत्रांची थरथर खाऊन टाकणारे रबरी ठोकळे आमच्याकडे बनतात. त्यातला एखादा माझ्या खोलीत येतो. मी तो मशीनच्या दोन जबड्यांत बसवतो, आणि मशीन त्याला दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं. जोर किती लावला आणि ठोकळा किती दबला याची रेघ पडद्यावर उमटते. दाबताना ती एका वाटेनं वर जाते आणि सोडताना जराशा खालच्या वाटेनं परत येते. दोन वाटांच्या मधे जी जागा राहते तेवढं रबरानं गिळलेलं असतं. दिलेलं सगळं ते परत करत नाही. गिळलेल्याची आत उष्णता होते. काही हजार फेऱ्यांनंतर ठोकळा बाहेर काढला तर हाताला चांगला कोमट लागतो. मी तो लगेच खाली ठेवत नाही, थोडा वेळ तळहातात धरतो. दिवसभरात माझ्या हाताला लागणारी कोमट वस्तू तेवढीच, चहाचा कप सोडला तर.

आता पाच झटक्यांचं. नवं रबर पहिल्यांदा दाबलं की ते उगाच ताठा दाखवतं. त्यात काजळी घातलेली असते, आणि काजळीचे कण आणि रबराचे धागे आत एकमेकांना चिकटून बसलेले असतात. पहिल्या दाबाला त्यातले कितीतरी सांधे सुटतात. दुसऱ्या वेळी ते नरमतं, तिसऱ्या वेळी आणखी थोडं, आणि पाच वेळा झालं की रेघ रेघेवर बसायला लागते. मग मोजायचं. माझ्या आधी या खोलीत एक म्हातारे साहेब होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, “पहिले पाच धरायचे नाहीत. ते रबराचं बोलणं नव्हे, रबराचा राग आहे.” साहेब गेले, मशीन बदललं, पण मी कधी पहिले पाच धरले नाहीत. नव्या मशीनमधे त्यासाठी एक बटणच आहे. ते दाबलं की पहिल्या पाच रेघा पडद्यावरून नाहीशा होतात.

ही सवय माझ्या अंगात कधी मुरली ते कळलंच नाही. नवा मॅनेजर आला की पहिल्या पाच मीटिंगांत तो काय म्हणतो ते मी मनावर घेत नाही. बूट चावले तर पाच दिवस तक्रार करत नाही. फार वर्षांपूर्वी स्टोअरमधली एक बाई मला म्हणाली होती, “रविवारी काय करता तुम्ही? फिरायला जाऊ या का कुठे?” मी म्हटलं, बघू. ती पुन्हा विचारेल तेव्हा तिच्या मनात खरंच काय आहे ते कळेल, असा माझा हिशेब होता. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, आणि मी आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं.

माझी खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला आहे. रबराचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो, म्हणून तिथे बाराही महिने तेवीस अंश ठेवावे लागतात. दार सारखं उघडायचं नाही, म्हणून कुणी येत नाही. नमुने लोखंडी खिडकीतून आत सरकवतात आणि कागद त्याच खिडकीतून बाहेर जातो. काही दिवस असे जातात की संध्याकाळी बसमधे कंडक्टरशी बोलायला तोंड उघडतो तेव्हा आधी घसा खाकरावा लागतो. घरी दोन खोल्या, तिसरा मजला. तिथे तेवीस अंश नसतात. जे असेल ते असतं.

मला एक बहीण आहे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती दोन तासांच्या अंतरावर तिच्या घरात राहते. मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी भावजी गेले, आणि महिन्याभरानं, एका रविवारी, तिनं फोनवर मला म्हटलं, “धाकट्या, तू इकडेच ये ना राहायला. हे घर मला खायला उठतं.”

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला धाकट्या म्हणणारी जगात तेवढी एकच व्यक्ती आहे.

मी म्हटलं, “बघू. आधी तू जरा सावर.”

मला वाटलं, हा पहिला दाब आहे. दुःख ताजं आहे, चार-सहा महिन्यांत ती स्थिरावेल, मग खरं काय ते दिसेल. आणि ती स्थिरावली. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी फोन करायचो. “कशी आहेस?” “ठीक आहे.” “गुडघा?” “ठीक आहे.” “काही हवंय का?” “मला काय हवं असणार, सगळं ठीक आहे.” सात मिनिटं, फार तर आठ. एका रविवारची रेघ दुसऱ्या रविवारच्या रेघेवर बरोबर बसायची. मला बरं वाटायचं. आमच्या घराण्यात बाईमाणूस खंबीर, असं मी मनाशी म्हणायचो आणि फोन ठेवून अंडी उकडायला लावायचो.

गेल्या रविवारी तिनं सांगितलं की ती घर विकतेय. ज्येष्ठांच्या निवासात एक खोली बघितली आहे. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कागदांवर सह्या.

“तुझी पेटी आहे माळ्यावर,” ती म्हणाली. “ती तेवढी घेऊन जा. नाहीतर रद्दीत जाईल.”

“येतो,” मी म्हटलं. “बाकी ठीक?”

“ठीक आहे.”

मंगळवारी लिफ्ट कंपनीच्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात जाड पिशवी. त्यांना माझ्या खोलीतच यायचं होतं, खिडकीतून बोलायचं नव्हतं. मी दार उघडलं आणि लगेच बंद केलं. त्यांनी पिशवीतून एक काळा ठोकळा काढून टेबलावर ठेवला. आमचाच होता. लिफ्टच्या खड्ड्यात, तळाशी बसवतात तो. लिफ्ट कधी चुकून खाली गेलीच तर शेवटी तिला झेलायला.

“एका इमारतीत लिफ्ट खाली आली,” त्या म्हणाल्या. “जोरात नाही. ठोकळ्यानं आरामात झेलायला हवी होती. आत एक आजी होत्या, त्यांच्या टाचेचं हाड मोडलं. ठोकळा दगडासारखा लागला म्हणतात. हा त्याच इमारतीतला, शेजारच्या लिफ्टखालचा. पाच वर्षं खड्ड्यात होता, याच्यावर काहीच आदळलेलं नाही. तपासून द्या.”

मी ठोकळा पुसला, बसवला, मशीन सुरू केलं. पहिली रेघ वर गेली. एवढी वर गेली की पडद्याचं माप मशीनला आपणहून बदलावं लागलं. मग दुसरी खाली, तिसरी आणखी खाली. सहावी आमच्या कागदावरच्या आकड्यावर अशी बसली की मला अभिमान वाटला. माझं बोट बटणावर गेलं.

“काय करताय?” मॅडम म्हणाल्या.

“पहिले पाच धरत नाही आम्ही.”

“का?”

मी त्यांना काजळी, धागे, सांधे, सगळं सांगितलं. इतकं सलग मी कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“काका, एक विचारू? या ठोकळ्यावर लिफ्ट आयुष्यात किती वेळा आदळते?”

“नशीब असेल तर एकदाही नाही. नसेल तर एकदा.”

“मग सहाव्या वेळचा आकडा तुम्ही कुणासाठी काढता? सहाव्यांदा आदळेपर्यंत आजी आत बसून राहणार आहेत का?”

मला झोंबलं. मी म्हटलं, “मॅडम, आम्ही काही डोळे मिटून काम करत नाही. प्रत्येक ठोकळा पाठवण्याआधी पाचदा दाबूनच पाठवतो. त्याचा ताठा इथेच जिरतो.”

“आणि मग तो पाच वर्षं पडून राहतो.”

पडून राहिलेलं रबर गेलेला ताठा हळूहळू परत मिळवतं. पूर्ण नाही, पण बराचसा. सुटलेले सांधे आत पुन्हा जुळतात, आणि वरून वयाचा कडकपणा येतो तो वेगळाच. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मीच नव्या पोरांना शिकवतो. अठ्ठावीस वर्षं मी खरे आकडे काढले होते, एकही खोटा नाही, आणि या ठोकळ्याच्या बाबतीत त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. इंजिनाखालचा ठोकळा मिनिटाला हजारदा दबतो, त्याला माझा नियम शोभतो. खड्ड्यातल्या ठोकळ्याला पहिलाच दाब मिळतो, तोच शेवटचा. हे एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

“फार लागलं का आजींना?” मी विचारलं.

“हाडाचं काय, जुळेल,” मॅडम म्हणाल्या. “पण त्या चाळीस मिनिटं आत बसून होत्या. दुधाची पिशवी फुटलेली, त्यात. एकट्याच राहतात, त्यामुळे वाट बघणारं कुणी नव्हतं. वॉचमन बाहेरून विचारत होता, आजी, कशा आहात? आणि त्या दर वेळी म्हणत होत्या, मी ठीक आहे. म्हणून त्यानं घाई केली नाही. बिचाऱ्याची काय चूक, त्यांनीच सांगितलं ना, ठीक आहे म्हणून.”

मी मशीनकडे वळलो आणि उगाच एक बोल्ट आवळला.

त्या दुपारी मी मॅनेजरला चिठ्ठी लिहिली: लिफ्टच्या ठोकळ्यांची तपासणी चुकीच्या पद्धतीनं झाली आहे, जबाबदारी माझी, यापुढे पहिला दाबच धरावा आणि बसवलेले सगळे ठोकळे पुन्हा तपासावेत. चूक कबूल करणं मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. मॅनेजरनं कपाळाला हात लावला, दोन फोन केले, आणि कामाला लागला. फोरमनला बातमी लगेच कळली. “पाचझटके आता एकझटके झाले,” तो कुणाला तरी म्हणाला. भिंतीतून मला स्पष्ट ऐकू आलं. एरवी मी दोन दिवस धुमसलो असतो. त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिलो, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

ताई एकदाच बोलली होती. हे घर मला खायला उठतं, असं तिनं एकदाच म्हटलं होतं, आणि तेवढंच खरं होतं. मी ते वगळलं. पुढचे दीडशे रविवार मी निष्ठेनं मोजले आणि एकही धरण्यासारखा नव्हता.

मला माझी इतकी लाज वाटली की मी दिवा बंद करून थोडा वेळ अंधारात बसलो. मशीनचे हिरवे दिवे तेवढे चालू होते.

गुरुवारी रजा घेतली. बसमधे दोन तास मी वाक्य जुळवत होतो. नीट, मुद्देसूद, कुठेही रडगाणं नको.

दार उघडून ताई माझ्याकडे बघत राहिली. “गुरुवारी? रजा घेऊन? कोण गेलं?”

“कुणी नाही. पेटी न्यायला आलो.”

“मग ये. बूट तिकडे काढ, इकडे खोकी आहेत.”

घर अर्धं बांधलेलं होतं. भिंतीवर जिथे तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन उरले होते. ताई जमिनीवर बसून कप जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती, गुडघ्याखाली उशी घेऊन. गुडघा ठीक नव्हता. तिला उठता-बसता भिंतीला दोन्ही हात टेकावे लागत होते, आणि हे आजचं नव्हतं, कारण भिंतीवर त्या उंचीला हाताचे मळकट डाग पडले होते. फोन खिडकीजवळच्या स्टुलावर होता. शेजारी एक खुर्ची, तिच्या बैठकीला खोलगट खड्डा पडलेला. समोरच्या खुर्चीची गादी नवी असल्यासारखी फुगीर होती.

मी शिडी लावली, माळ्यावर चढलो आणि पेटी खाली काढली. पत्र्याची, निळी. आत काय आहे ते मला आठवतही नव्हतं. ती दाराशी ठेवली. हात झटकले. पाणी प्यायलो. मग आणखी काही करण्यासारखं उरलं नाही.

“ताई,” मी म्हटलं, “तुझी हरकत नसेल तर, म्हणजे सगळ्या बाजूंनी विचार करता, मी इथे राहायला आलो तर ते दोघांच्याही सोयीचं होईल.”

तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

तिला ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. “मी इथे येऊन राहतो. तुला सोबत होईल.”

“मला?” तिनं दुसरा कप घेतला. “पुन्हा म्हण.”

“दोघांना सोबत होईल, बस?”

“पुन्हा.”

“काय चालवलंयस हे?” माझा आवाज चढला. “मी एवढा दोन तास बसमधून आलो, सरळ विचारतोय, तर तू माझी थट्टा करतेस? मी काय मशीनमधला ठोकळा आहे?”

“पहिले पाच धरत नाहीत ना?” ताई शांतपणे म्हणाली. “तूच सांगितलंस. याच खोलीत, जेवताना, ह्यांना, शंभरदा. ते बिचारे दर वेळी नवीन ऐकल्यासारखं ऐकायचे. चार झाले तुझे.”

मी खाली बसलो. खोक्यावरच बसलो, ते थोडं चेपलं.

“मी एकदाच म्हटलं होतं तुला,” ती म्हणाली. आता तिनं माझ्याकडे बघितलं. “ते एकदा म्हणायला मला किती दिवस लागले होते, धाकट्या. तू म्हणालास, बघू. मग पुन्हा कोणत्या तोंडानं म्हणणार? रविवारी साडेनऊपासून मी त्या खुर्चीत येऊन बसायचे. मोठ्यानं म्हणून बघायचे, ठीक आहे, ठीक आहे. आवाज नीट लागेपर्यंत. तीन वर्षं मी ही तालीम केलीय, आणि तू एकदाही विचारलं नाहीस की आठवडाभर एवढं ठीक कुणाचं असतं.”

खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. तिनं कप कागदात गुंडाळला, पुन्हा उलगडला.

“संध्याकाळी घरी गेलो की कुलूप उघडून दिवा लावायचा मला कंटाळा येतो,” मी म्हटलं. हे मी बसमधे ठरवलेलं नव्हतं. “म्हणून मी सकाळी निघताना दिवा चालूच ठेवतो.”

बोटांवर मोजल्यासारखा ताईचा अंगठा करंगळीपासून सरकत आला आणि थांबला.

“पाच,” ती म्हणाली.

सहावं म्हणायला मी तोंड उघडलं आणि घसा खाकरला. बसमधे कंडक्टरसमोर खाकरतो तसा. तरी आवाज फुटेना. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चेपलेल्या खोक्यावर बसून तोंड उघडझाप करतोय, हे मला बाहेरून दिसत होतं आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

“मला एकट्याला नाही राहवत, ताई,” मी म्हटलं.

तिनं हातातला कप खाली ठेवला. मग दोन्ही हात टेकून उठायला लागली, आणि मी धरायला पुढे गेलो तेव्हा तिनं माझा हात झिडकारला नाही. तिचा हात कोमट होता. उभी राहून तिनं दाराकडे बघितलं, निळ्या पेटीकडे, आणि कपाळाला आठी घातली.

“ती कशाला काढलीस खाली?” ती म्हणाली. “ठेव परत वर.”